न दिसणाऱ्या दुखण्याची फाईल

लाखनीत मला कवी म्हणून ओळखणारे थोडे आणि अर्ज लिहून देणारा म्हणून ओळखणारे पुष्कळ. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी बी.ए. झालो. अक्षर बरे होते, मराठी-हिंदी दोन्ही येत होते. तेव्हापासून मोहल्ल्यातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक कागद घेऊन येतात. रेशनकार्डात नाव चढवायचे असते, सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घ्यायची असते, बँकेला पत्र लिहायचे असते. कवितेचे मानधन मिळो न मिळो, अर्जाला चहा हमखास मिळतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या कागदांवर एक शब्द वरचेवर दिसू लागला : सिकलसेल. मी डॉक्टर नाही. पण अर्ज लिहायचा तर आधी स्वतःला समजले पाहिजे, म्हणून विचारत गेलो. डॉक्टरांना विचारले, परिचारिकांना विचारले, आशाताईंना विचारले आणि सर्वांत जास्त विचारले ते मुलांना कडेवर घेऊन येणाऱ्या आयांना. आज जे बोलणार आहे ते या विचारपुशीतून गोळा झालेले आहे.

आधी आजार काय आहे ते. धान कापायच्या विळ्याला आमच्या भंडाऱ्याकडे इळा म्हणतात, इंग्रजीत तोच सिकल. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीकातल्या बारीक नळीतून दुमडून निघून जातात. या आजारात रक्तातला प्राणवायू कमी झाला की त्या वाकतात, विळ्यासारख्या होतात आणि कडक होतात. मग बारीक नसांत अडकतात. जिथे अडकतात तिथे पुढचे रक्त थांबते आणि मूल किंचाळायला लागते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी दोन-तीन आठवड्यांत फुटून जाते, म्हणून अंगात रक्त कायम कमी. कारण म्हणाल तर हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या सहाव्या जागी एकच घटक बदललेला असतो. एका लांबलचक कवितेत एक अक्षर चुकावे आणि सगळा अर्थच फिरावा, तसे.

जगाला हे १९१० साली कळले, शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहिल्या तेव्हा. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांत तो आढळला. आपल्या भागात १९५८ साली शुक्ल आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या तपासण्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. म्हणजे पूर्व विदर्भातल्या घरांत हा आजार आहे हे शास्त्राला कळून साठ वर्षे उलटून गेली आहेत. त्या घरांना ते कळायला मात्र फार वेळ लागला, आणि काही घरांना अजून कळायचे आहे.

आमच्याकडेच का, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर हिवतापात आहे. ज्याच्या अंगात हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेला असतो, त्याला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले. जिथे जंगल, पाणी, डास आणि पिढ्यान्पिढ्यांचा हिवताप, तिथे हा दोष टिकून राहिला. झाडीपट्टीत हे सगळेच होते. लग्ने जातीतल्या जातीत होत राहिली, म्हणून काही समाजांत प्रमाण जास्त दिसते. आदिवासींत दिसते, बौद्ध समाजात दिसते, इतर मागासवर्गीयांतही दिसते. पण ‘तो त्यांचा आजार’ असे म्हणणारे मी चावडीवर, पानठेल्यावर ऐकले आहेत, त्यांना सांगायचे आहे की रक्ताला जात विचारता येत नाही. माझ्याच मंडळींनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्यात चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात, शेजाऱ्यांत मामाच्या मुलीशी होतात. कुटुंबात असा कोणताही दोष लपून असेल तर जवळच्या नात्यात तो दोन्ही बाजूंनी समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. तेव्हा ‘आपल्यात नसते’ म्हणून तपासणी टाळू नये.

आता तो पहिला कागद, जो हातात घेऊन लोक माझ्याकडे येतात.

“चाचा, का लिवलं हाये जी याच्यात? पोरगी पॉझिटिव्ह आहे म्हणते.”

या एका शब्दाने घरात रडारड होते. खेड्यात, शाळेत किंवा शिबिरात पहिल्यांदा जी चाचणी होते ती विद्राव्यता चाचणी, बोलीत सोल्युबिलिटी. ती स्वस्त आहे, पटकन होते आणि एवढेच सांगते की रक्तात विळ्याचे हिमोग्लोबिन आहे. किती आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी करावी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची. तिच्या कागदावर दोन अक्षरे येतात, आणि सगळे नशीब त्या दोन अक्षरांत असते. एएस आले तर मूल वाहक आहे : दोष एकाच बाजूने आला आहे, मूल एरवी धडधाकट राहील, खेळेल, शेतात राबेल, त्याला औषधाची गरज नाही. एसएस आले तर दोन्ही बाजूंनी आला आहे, म्हणजे मूल रुग्ण आहे. पहिल्या चाचणीवर थांबून वाहक मुलीला वर्षानुवर्षे ‘सिकलची पोरगी’ म्हणून घरात बसवून ठेवलेले मी पाहिले आहे. उलटेही पाहिले आहे : खरोखर रुग्ण असलेल्या मुलाला ‘थोडे रक्त कमी आहे’ म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर ठेवलेले. या आजारात रक्त लोहाच्या कमतरतेने कमी होत नाही, पेशी फुटल्याने होते. लोह द्यायचे की नाही हे तपासून ठरवायचे असते, विशेषतः वरचेवर रक्त चढवावे लागणाऱ्या मुलात, कारण चढवलेल्या रक्तातले लोह अंगात साठत जाते. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र लागते.

आणखी एक. अगदी तान्ह्या बाळात, पहिल्या सहा महिन्यांत, आईच्या पोटातले वेगळे हिमोग्लोबिन अजून रक्तात असते. ते बाळाला सांभाळते आणि साध्या चाचणीलाही फसवते. आईबाप दोघे वाहक असतील तर बाळाची तपासणी कोणत्या पद्धतीने आणि केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारावे. एकदा ‘काही नाही’ असा कागद मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नये. सहा महिन्यांनंतर बाळाच्या दोन्ही हातांच्या किंवा पायांच्या पंजांवर सूज आली आणि बाळ हात लावू देत नसेल, तर ती बऱ्याचदा या आजाराची पहिली खूण असते. मुंगळा चावला, नजर लागली, असे म्हणण्यात दिवस जातात.

आता लग्नाबद्दल. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. ‘प्रत्येक’ या शब्दावर मी बोट ठेवतो, कारण पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक करतात. पत्ते दर वेळी नव्याने पिसले जातात. वाहकाने लग्नच करू नये असे मुळीच नाही. समोरचा निर्दोष असेल तर मूल रुग्ण होत नाही. दोघे वाहक असून लग्न झालेच असेल, तर दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्यातच गर्भाची तपासणी होऊ शकते. त्यासाठी लवकर मोठ्या रुग्णालयात जावे लागते, पाचव्या महिन्यात विचारून फारसा उपयोग नसतो. तपासणी करायची की नाही आणि पुढे काय, हा निर्णय त्या दोघांचा. इथे मला एकच खटकते. कागद नेहमी मुलीचा मागितला जातो. मुलाच्या रक्ताला विचारणारा बाप मला अजून क्वचितच भेटला आहे.

घरी काय सांभाळायचे, हे आयांनी मला शिकवले, आणि नंतर डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिला. पाणी भरपूर पाजायचे. अंगातले पाणी कमी झाले, फार थंडी लागली, फार थकवा आला, ताप आला, की वेदना उसळते. आता आपले जगणे पाहा. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवसभर बांधीतल्या गार पाण्यात पाय आणि पाठीवर पाऊस. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला पहाटे जंगल, परतताना डोक्यावर ऊन. हिवाळ्यात मंडई आणि रात्रभर झाडीपट्टीचे नाटक, उघड्यावर. नाटक पाहायला बंदी कोण घालणार? मीही आयुष्यभर पाहत आलो आहे. पण सिकलसेलच्या मुलाला घेऊन बसायचे तर घोंगडी, कानटोपी आणि पाण्याची बाटली पाहिजे, आणि मध्यंतरानंतर घरी. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये. कोमट शेक चालतो. शाळेत मास्तरांना दोन गोष्टी सांगून ठेवाव्या : या मुलाला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या, आणि लघवीला वरचेवर जावे लागते म्हणून रागावू नका. पी.टी.च्या तासाला धावता धावता ते मूल थांबले तर ते आळशी नाही.

काही वेळा मात्र घरचे उपाय करत बसायचे नसते. ताप १०१ वर गेला, छातीत दुखून श्वास लागला, अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, मुलगा पांढराफटक पडला, मोठ्या मुलाला लिंगात ताठरता येऊन तासन्तास दुखत राहिले (हे मुले लाजेने सांगत नाहीत, म्हणून बापाने आधीच विचारून ठेवावे), तर सरळ १०८ ला फोन करायचा. लोक आधी दर्ग्यावर जातात, मांत्रिकाकडे जातात. दुआ जरूर मागावी. मीही मागतो. पण अशा वेळी ती रुग्णवाहिकेत बसून मागावी.

याच यादीत पानथरी आहे, पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. डाव्या बरगडीखाली असते. लहान मुलांत कधी कधी विळ्याच्या पेशी पानथरीत एकाएकी अडकतात, अंगातले बरेच रक्त तिथे साठते, पोट फुगते आणि काही तासांत मूल जाते. वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावर डॉ. ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून मुलांची नोंद ठेवली होती. त्यांनी आयांना एक साधी गोष्ट शिकवली : रोज मुलाच्या पोटावर हात ठेवा, पानथरी कुठवर लागते ते पाहा, वाढली वाटली किंवा मूल फिकट दिसले तर लगेच दवाखान्यात या. १९८५ साली त्यांनी दहा वर्षांचा हिशेब छापला. आधी असे शंभर प्रसंग आले तर सुमारे २९ मुले दगावत होती. आया शिकल्यानंतर ते प्रमाण शंभरात सुमारे ३ वर आले. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. माहिती आईच्या हातापर्यंत पोचली होती, एवढेच. आपल्याकडे ‘जनजागृती’ म्हटले की भिंतीवरचा फलक आणि प्रभातफेरी आठवते. मला तो जमैकातल्या आईचा हात आठवतो. सिकलसेलचे मूल घरात असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा सिस्टरला म्हणा : मला पानथरी कशी तपासायची ते माझ्या हाताने करून दाखवा.

औषधांचेही तसेच. लहानपणी, पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस, ही दोन नावे लक्षात ठेवून विचारावी. तिसरे नाव हायड्रॉक्सियुरिया. ही कॅप्सूल अंगात ते बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात, वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याचे प्रसंग कमी होतात. अमेरिकेत १९९८ साली मोठ्या माणसांतल्या सिकलसेलसाठी तिला मान्यता मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच भागातल्या मुलांवर कमी मात्रेत तिचा अभ्यास केला आणि फायदा दाखवला. अडचण कुठे येते पाहा. घरातला कॉलेजात जाणारा पोरगा पाकिटावरचा कागद वाचतो आणि सांगतो, “हे तर कॅन्सरचं औषध आहे.” दुसऱ्या दिवसापासून कॅप्सूल बंद. हे औषध काही कर्करोगांतही देतात ही गोष्ट खरी. त्याच्यासोबत ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते हेही खरे. पण ते आपल्या मनाने सुरू करायचे नाही तसेच आपल्या मनाने सोडायचेही नाही, हे औषध देतानाच कोणी दोन मिनिटे बसून सांगितले तर पुढचे अर्धे संकट टळते. मुलीचे लग्न ठरले किंवा दिवस जाण्याचा विचार असला की त्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

आता माझ्या खास विषयाकडे येतो, म्हणजे कागदाकडे.

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. अंधत्व, कर्णबधिरता, हातापायांचे व्यंग वगैरे. सिकलसेल त्यात नव्हता. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांच्यासारख्या माणसांनी रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र करून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात प्रकार २१ झाले आणि रक्ताचे तीन आजार आले : हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. हा फरक छोटा नाही. ज्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत, डोळे चांगले आहेत, जो रांगेत सरळ उभा आहे, तोही अपंग असू शकतो, असे कायद्याने म्हटले.

पण कायद्याने म्हटले म्हणजे खिडकीवरच्या माणसाने म्हटले असे होत नाही. आमच्या शेजारच्या खेड्यातली एक अकरावीतली मुलगी एका कार्यालयात गेली, तर तिथल्या माणसाने तिला वरून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, “ही तर चांगली धडधाकट दिसते.” आदल्याच महिन्यात ती सहा दिवस रुग्णालयात होती. त्या सहा दिवसांचा कागद तिच्या बापाने घरी कुडाच्या भिंतीत खोचून ठेवला होता आणि पावसात तो भिजला होता.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, पाच-दहा रुपयांची प्लास्टिकची फाईल घ्या. तिच्यात पहिल्यांदा ती दोन अक्षरांची मूळ तपासणी ठेवा, एसएस लिहिलेली. मग दर वेळी रुग्णालयातून सुटताना मिळालेले कार्ड, रक्त चढवल्याच्या चिठ्ठ्या, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट. खुब्याचे हाड झिजले असेल तर त्याचा एक्स-रे किंवा एमआरआय, कारण या आजारात खुब्याला रक्त न पोचल्याने हाड वाळत जाते आणि तरुणपणीच माणूस लंगडायला लागतो. प्रमाणपत्र देताना टक्केवारी चेहऱ्यावरून काढायची नसते. त्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. शरीराने काय काय सोसले हे डॉक्टरांना दिसण्याचा रस्ता म्हणजे हे कागद. वेदनेचा फोटो निघत नाही. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागते. वाहकाला, म्हणजे एएसवाल्याला, हे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही.

अर्ज आता ‘स्वावलंबन’ नावाच्या केंद्रीय व्यवस्थेतून ऑनलाइन करायचा असतो, सेवा केंद्रात भरून मिळतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. मग रुग्णालयात तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र मिळते, ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात. ते देशभर चालते. नावाचे स्पेलिंग आधारवर जसे आहे तसेच अर्जात आहे ना, एवढे मात्र डोळ्यांनी पाहून घ्या. माझा निम्मा वेळ या एका अक्षरांच्या चुकांवर जातो. आमच्यात तर शेख आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात.

या कार्डाने काय मिळते, काय नाही, हेही सरळ सांगावे. सरकारी नोकऱ्यांतले दिव्यांगांचे ४ टक्के आरक्षण रक्ताच्या आजारांना लागू नाही. ते ऐकून पोरे निराश होतात, पण आशेवर वर्षे काढण्यापेक्षा आधी कळलेले बरे. उच्च शिक्षणाच्या संस्थांतल्या ५ टक्के राखीव जागांत मात्र त्यांचा हक्क आहे, प्रवेशाचा अर्ज भरताना तो रकाना कोरा सोडू नये. दहावी-बारावीच्या परीक्षेत ताशी वीस मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे वर्षाच्या सुरुवातीलाच जावे, फेब्रुवारीत धावपळ करून काही होत नाही. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर. २०२५ साली राज्य सरकारने दिव्यांगांसाठी ही रक्कम दरमहा अडीच हजार रुपये केली. ग्रामपंचायत आणि नगरपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ही गोष्ट सरपंचाला माहीत असते आणि गावाला नसते. ग्रामसभेत उभे राहून विचारावे.

काही सवलतींना ४० टक्क्यांची गरज नाही, आजाराचा दाखलाच पुरतो, आणि नेमके हेच लोकांना ठाऊक नसते. रेल्वेत सिकलसेलच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना निम्म्या भाड्याची सवलत आहे. एसटीतही सवलत आहे; आपल्याला जवळचे आगार साकोलीचे, तिथे कोणता दाखला लागतो ते विचारावे. शासकीय रक्तपेढीतून या रुग्णांना रक्त मोफत मिळते, त्यासाठी रुग्णाचे कार्ड सोबत असावे. लाखनीहून भंडारा वीस-पंचवीस किलोमीटर, नागपूर ऐंशी-नव्वद. रोजंदारी बुडवून दोन माणसांनी तिथे जायचे म्हणजे आठवड्याचा हिशेब कोलमडतो. अशा वेळी तिकिटाचे पैसे वाचणे ही दिसायला लहान गोष्ट महिन्याची तपासणी चुकू देत नाही. मोठ्या उपचारासाठी महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आहे. रुग्णालयात शिरल्या शिरल्या तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे, बिल झाल्यावर गाठून चालत नाही.

सिकलसेलवर एवढे बोललो, तरी बाकीच्या घरांसाठी एक गोष्ट सांगतो. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. सिकलसेल त्यात येत नाही. पण माझ्याकडे सिकलसेलचा अर्ज घेऊन येणाऱ्या एका बाईच्या धाकट्या दिराला सेरेब्रल पाल्सी होती आणि घरात कोणालाच या योजनेचे नाव माहीत नव्हते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, त्या दिवशी मूल शाळेत हजर असावे आणि जमल्यास आईही.

सरकारी पातळीवर १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. १७ राज्ये, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य. परदेशात तर जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, त्याची किंमत आपल्या रुपयांत कोटींच्या घरात आहे. चांगलेच आहे. आज लाखनीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आईला मात्र आज रात्रीचे विचारायचे असते.

तिला कोण सांगते? मी पाहिले आहे की बहुतेक वेळा शेजारी बसलेली दुसरी आई सांगते. एकीला ठाऊक असते की कॅप्सूल कधी संपते आणि पुन्हा कधी येते, दुसरीला ठाऊक असते की रक्तपेढीत कोणती चिठ्ठी लागते, तिसरीचा मुलगा बारावी झालेला असतो, आणि त्याला पाहूनच पहिलीच्या जिवात जीव येतो. आमच्याकडच्या चार-पाच आयांनी एकमेकींचे फोन नंबर घेतले आहेत. त्यातली एक चौथी शिकलेली आहे. तिने शंभर पानी वहीत मुलाच्या प्रत्येक झटक्याची तारीख, कुठे दुखले, किती दिवस, कोणते औषध, असे लिहून ठेवले आहे. तारखेच्या बाजूला ‘रोवनी’, ‘पानी आला’, ‘लगन’, अशा खुणा आहेत. तिच्या वहीवरून एका डॉक्टरांनी ताडले की झटके थंडीपेक्षा प्रवासानंतर जास्त येतात, कारण बसमध्ये मूल पाणी पीत नाही. त्यांची मग बैठक होते, बैठक म्हणजे माझ्या ओट्यावर चहा. बाप अजून येत नाहीत. एक येतो, तोही दाराशी उभा राहतो.

कोणाला असे काही आपल्या गावात सुरू करायचे असेल तर आशाताईला सोबत घ्या, कारण कोणत्या घरात कार्ड आहे हे तिला माहीत असते, आणि ज्या घराला नाव बाहेर येऊ द्यायचे नाही त्याचे नाव कसे झाकायचे हेही. तपासणीच्या निरोपाला कोणाचे सासर-माहेर धोक्यात येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. आरोग्याची शंका असेल तर १०४ या क्रमांकावर सल्ला मिळतो. आणि भंडाऱ्याला दिव्यांग तपासणीसाठी जायचे असेल तर दिवस कोणता, तज्ज्ञ डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. सकाळची पहिली गाडी पकडा, फाईल पिशवीत आणि पाण्याची बाटली मुलाच्या हातात.